आधी वजाबाकी

प्रस्तावना

मे महिन्यातली गोष्ट. पुण्यातल्या एका चार मजली सोसायटीने गच्चीवर सौर पॅनेल बसवायचे की नाही हे ठरवण्यासाठी सभा ठेवली होती आणि मला 'दोन शब्द' सांगायला बोलावले होते. सभा गच्चीवरच होती. सात वाजून गेले होते, सूर्य नुकताच बुडाला होता, तरी सतरंजीवर बसलेली मंडळी सारखी जागा बदलत होती. खालचा कोबा अजून तव्यासारखा तापलेला होता. मी पॅनेल, इन्व्हर्टर, नेट मीटर, अनुदान असे सगळे यथासांग सांगितले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी शेवटी हात वर केला. "ते सगळं ठीक आहे हो. बिल शून्य येणार का, तेवढं सांगा."

"येऊ शकेल," मी म्हणालो. टाळ्या पडल्या. ठराव मंजूर झाला.

खाली उतरताना सर्वांत वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी चहाला आत बोलावले. बेडरूममध्ये एसी चालू होता आणि तरीही वरून धग येत होती. मी स्टूल मागून घेतले, वर चढलो आणि छताला तळहात टेकवला. ताप आलेल्या मुलाच्या कपाळाला लावावा तसा. "रात्री दोनपर्यंत असंच असतं," वहिनी म्हणाल्या. "आता पॅनेल आले की एसी रात्रभर लावता येईल."

हे पुस्तक लिहायला मी बसलो तो त्या वाक्यामुळे. त्या घराचे बिल पुढे शून्याच्या जवळ आलेही असेल. पण त्या घराला शून्य-ऊर्जा घर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दिवसभर ऊन गच्चीतून आत घ्यायचे, त्याच उन्हातून वीज करायची आणि ती वीज खर्चून आत घेतलेले ऊन रात्री बाहेर फेकायचे, हा प्रकार म्हणजे गळका हौद भरायला मोठा पंप आणण्यासारखा आहे. हौद भरतो, नाही असे नाही.

शून्य-ऊर्जा घर म्हणजे काय, हे आधी सांगून टाकतो, कारण या शब्दाचा बाजारात बराच गैरवापर चालतो. वर्षभरात घर जेवढी ऊर्जा वापरते, तेवढीच ते स्वतःच्या जागेत, स्वच्छ मार्गाने तयार करते, एवढाच त्याचा अर्थ. अशा घराला महावितरणची जोडणी नसते, असे नाही. दिवसा जास्तीची वीज जाळ्यात द्यायची, रात्री तिथूनच घ्यायची आणि वर्षाच्या शेवटी बेरीज-वजाबाकी शून्यावर यायची. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने अशा इमारतींसाठी काढलेल्या मानांकनाचे नावच 'शून्य' आहे: वर्षाला दर चौरस मीटरमागे निव्वळ वापर दहा युनिटांपर्यंत असेल तर 'शून्य', आणि इमारत वापरापेक्षा जास्त वीज देत असेल तर 'शून्य प्लस'. दिल्लीत जोरबागेजवळ पर्यावरण मंत्रालयाचे इंदिरा पर्यावरण भवन २०१४ साली सुरू झाले, ते या कल्पनेचे आपल्याकडचे पहिले ठळक सरकारी उदाहरण. त्याच्या छतावर ९३० किलोवॅटचे पॅनेल आहेत, रस्त्यावरूनही दिसतात. इमारत चांगली आहे. पण ते कार्यालय आहे. ऊन असते तेव्हा माणसे असतात, ऊन गेले की तीही घरी जातात. प्रश्न ती ज्या घरी जातात त्या घराचा आहे.

आणि तो प्रश्न आपल्या देशात घाईचा आहे. २०११च्या जनगणनेत ३७ कोटी ७० लाख लोक शहरांत राहत होते, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ३१ टक्के. महाराष्ट्रात हे प्रमाण तेव्हाच ४५ टक्क्यांवर होते. मॅकिन्झी या सल्लागार संस्थेने २०१० साली अंदाज बांधला होता की २०३०पर्यंत शहरांत ५९ कोटी लोक असतील आणि त्यांच्यासाठी दरवर्षी ७० ते ९० कोटी चौरस मीटर बांधकाम उभे राहावे लागेल. अंदाज थोडा इकडेतिकडे झाला तरी वाघोली, वसई-विरार, बदलापूर, नागपूरची बेसा बाजू नुसती गाडीतून फिरून आले की त्याचा अर्थ कळतो. पंखा जुना झाला तर बदलता येतो, फ्रिज दहा-पंधरा वर्षांनी बदलतोच. भिंत बदलत नाही. आज पश्चिमेला तोंड करून उभी राहिलेली काँक्रीटची भिंत पन्नास-साठ मे महिने तापणार आहे.

आता गच्चीचा हिशेब मांडू. हा हिशेब मी वर्गात फळ्यावर मांडतो तेव्हा विद्यार्थी वहीत उतरवून घेतात, आणि बिल्डरांच्या सभेत मांडतो तेव्हा कुणीतरी फोन घ्यायला बाहेर जातो.

एका मजल्यावर चार दोन-बेडरूमचे फ्लॅट असलेली इमारत घ्या. जिना-लिफ्ट धरून मजल्याचे क्षेत्र ४,८०० चौरस फूट, म्हणजे गच्चीही तेवढीच. त्यातून पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, जिन्याचा माथा, त्यांच्या सावल्या आणि कपडे वाळत घालायची जागा वजा केली की निम्मी उरते. एका किलोवॅटच्या पॅनेलला सुमारे १०० चौरस फूट लागतात, म्हणजे २४ किलोवॅट बसले. महाराष्ट्राच्या उन्हात एक किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण चार युनिट देतो. झाले ९६ युनिट. आता एका फ्लॅटचा वापर रोज सहा युनिट धरा, महिन्याला १८०. फार नाही, एसी क्वचित लावणारे कुटुंब आहे. इमारत चार मजली असेल तर फ्लॅट सोळा, वापर ९६ युनिट. हिशेब काट्यावर काटा जुळला. शून्य!

तीच इमारत बावीस मजली करा. गच्ची तेवढीच, ९६ युनिटही तेवढेच. फ्लॅट मात्र ८८ आणि वापर ५२८ युनिट. पाचवा हिस्साही भागत नाही. आणि त्यातलेही बरेचसे युनिट लिफ्ट, पाणी चढवणारे पंप, सांडपाण्याचे यंत्र आणि रात्रभर जळणारे पार्किंगचे दिवे खाऊन टाकतात. माणसाच्या वाट्याचे आकाश कमी होते, तसे त्याच्या वाट्याचे ऊनही कमी होते. माहितीपत्रकात 'सोलर' हा शब्द आणि छतावर निळ्या पट्ट्या दाखवल्या की गिऱ्हाईक खूश होते, पण बावीस मजल्यांच्या मनोऱ्याला गच्चीवरच्या पॅनेलांनी शून्यावर आणणे गणितात बसत नाही.

मग दुसऱ्या टोकाने बघू. त्याच फ्लॅटचा वापर सहावरून चार युनिटांवर आणता आला तर? ९६ युनिटांत आता २४ फ्लॅट भागतात, म्हणजे सहा मजले. दोन युनिटांच्या वजाबाकीने शून्य दोन मजले वर चढले. आणि ही दोन युनिटे कुठून काढायची याचे उत्तर अगदीच साधे आहे. घरात चार पंखे, रोज आठ तास. जुना पंखा ७५ वॅट खातो, म्हणजे दिवसाला २.४ युनिट. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा २८ वॅटवर तेवढाच वारा देतो, म्हणजे ०.९ युनिट. दीड युनिट इथेच वाचले. तेवढी वीज तयार करायला फ्लॅटमागे ३७-३८ चौरस फूट गच्ची लागली असती, आणि पुण्या-मुंबईत गच्चीचा चौरस फूट काय भावाने जातो हे वाचकांना मी सांगायला नको. मी पॅनेलच्या विरोधात नाही. माझ्या स्वतःच्या घरावर आहेत. फक्त त्यांची पाळी शेवटची आहे, असे माझे म्हणणे आहे. आधी वजाबाकी, मग बेरीज. या पुस्तकात पॅनेलांचे प्रकरण अगदी शेवटी टाकले आहे ते विसरून नव्हे.

वजाबाकीची सुरुवात मात्र पंख्याच्याही आधी होते, भिंतीपाशी. गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या शहरांत एक बदल गुपचूप झाला. वीट गेली. तिच्या जागी अनेक मोठ्या प्रकल्पांत ॲल्युमिनियमचे साचे आले. साइटवरचे सगळे त्याला 'मायवान' म्हणतात. साचा लावायचा, सळई बांधायची, भिंत आणि स्लॅब एकदमच ओतायचे, आणि आठवडा-दहा दिवसांत मजला वर. काम वेगात होते, प्लास्टरचा खर्च वाचतो, गवंडी शोधत बसावे लागत नाही. बिल्डरला दोष देता येत नाही इतके ते सोयीचे आहे. पण दीडशे मिलिमीटर जाड काँक्रीटच्या भिंतीतून उष्णता जेवढी आत येते, त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढीच दोनशे मिलिमीटरच्या हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीतून येते. जुनी नऊ इंची विटेची भिंत या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. म्हणजे घराची किंमत वाढत गेली आणि भिंत मात्र आजोबांच्या घरापेक्षा वाईट होत गेली.

या बाबतीत नियमच नाही, असे नाही. 'इको-निवास संहिता' या नावाने घरांसाठीची केंद्राची संहिता डिसेंबर २०१८मध्ये आली. तिने एक आकडा घातला. भिंती आणि खिडक्या मिळून घराच्या बाहेरच्या कवचातून दर चौरस मीटरला सरासरी किती वॅट उष्णता आत शिरते त्याचे मोजमाप करायचे आणि ते १५च्या वर जाऊ द्यायचे नाही. थंड प्रदेश वगळून सगळ्या देशाला हा एकच आकडा. नकाशावर दिशा, भिंतीचा प्रकार, काचेचा प्रकार आणि छज्ज्याची लांबी लिहिली की कुठलाही बरा आर्किटेक्ट तासाभरात हे गणित करून देऊ शकतो. मी माझ्या विद्यार्थ्यांकडून आसपासच्या चालू प्रकल्पांचे करून घेतो. उत्तर बहुतेक वेळा पश्चिमेच्या बाजूला अडकते. तिकडे मोठी काच, कारण तिकडे 'व्ह्यू' असतो, आणि छज्जा नाही, कारण छज्जा असला की दर्शनी बाजू 'मॉडर्न' दिसत नाही.

खिडकीबद्दल तर एक अख्खे प्रकरण लिहिले आहे, तरी इथे राहवत नाही म्हणून सांगतो. जुन्या घरात लाकडी चौकट, उभे गज आणि बाहेर उघडणाऱ्या दोन झडपा असत. झडपा उघडल्या की खिडकी पूर्ण उघडी. आज सगळीकडे स्लायडिंग. तीत एक काच दुसऱ्या काचेमागे सरकते, म्हणजे चार फुटांच्या खिडकीतून वारा यायला जागा दोनच फूट. त्यावर डासांची जाळी, जाळीवर पडदा, बाहेर ग्रिल आणि ग्रिलमध्ये कुंड्या. शिवाय वारा आत येतो तो बाहेर जायला समोर दुसरी खिडकी हवी ना! चार फ्लॅट पाठीला पाठ लावून बसवले की प्रत्येकाच्या एकाच बाजूला उघडी हवा राहते आणि दुसऱ्या बाजूला डक्ट. त्या डक्टमध्ये चार घरांचे एसी आपली गरम हवा सोडतात आणि तिथेच स्वयंपाकघराची खिडकी उघडते. स्वयंपाकघरात दुपारी कोण उभे असते, हे नकाशा काढणाऱ्याने कधी तरी स्वतःला विचारावे.

इथे कुणीतरी वाड्याची आठवण काढणारच. प्रत्येक व्याख्यानानंतर काढतात. "आपल्या पूर्वजांना हे सगळं माहीत होतं." माहीत होते, हे खरे. पुण्याच्या वाड्यातला चौक, मराठवाड्यातली हात-दीड हात जाड पांढऱ्या मातीची भिंत आणि वरचे माळवद, कोकणातल्या उतरत्या कौलांखालची पडवी आणि ओटी, गोव्यातल्या घरापुढचा बल्कांव आणि काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने, विदर्भात दाराला लावलेले वाळ्याचे पडदे: यांतली प्रत्येक गोष्ट त्या त्या हवेला दिलेले नेमके उत्तर होते. लातूर-धाराशिवकडच्या माळवदाच्या घराची भिंत दिवसाचे ऊन मध्यरात्रीपर्यंत आत येऊ देत नाही आणि तोवर माणसे वर गच्चीवर झोपायला गेलेली असतात. भिंत आणि माणूस यांनी मिळून केलेली ती व्यवस्था होती. पण वाड्याची आठवण काढणाऱ्यांना मी विचारतो, वाड्यात तुम्ही कुठे राहत होता? मालकाच्या माडीवर वारा होता. मागच्या अंगाच्या अंधाऱ्या दोन खोल्यांत भाडेकरू होते आणि वीस जणांत एक संडास होता. चुलीचा धूर होता. पावसाळ्यात माळवद गळायचे आणि माती टाकायला वर कुणाला चढावे लागे, हेही आठवावे. त्या घरांकडून तत्त्व घ्यायचे आहे. चौकाच्या नावाने लॉबीत कमान उभारण्यात काही अर्थ नाही.

तत्त्व घेऊन नवे घर बांधणारी माणसे आपल्याकडे झाली आहेत. लॉरी बेकर हे जन्माने इंग्रज, पण केरळात आयुष्य काढून २००७ साली तिथेच वारले. विटा उभ्या ठेवून मधे पोकळी सोडणारी त्यांची 'रॅट-ट्रॅप' बांधणी पाव हिस्सा विटा वाचवते आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते, म्हणजे गरीबासाठी केलेली काटकसर हीच त्याची गारवा देणारी युक्ती ठरते. चार्ल्स कोरिया यांनी अहमदाबादेत साठच्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेले 'ट्यूब हाउस' उतरत्या छतातून गरम हवा वर काढून देत असे. पुढे त्यांनीच मुंबईच्या पेडर रोड भागात 'कांचनजंगा' ही उंच इमारत बांधली. तिच्या कोपऱ्यांतल्या दुमजली उंचीच्या गच्च्या म्हणजे जुन्या बंगल्याचा व्हरांडाच उभा करून वर चढवलेला. एक अगदी स्वस्त घर, एक अगदी महाग, विचार एकच.

परदेशाकडे बघायचे तर जपून बघावे. जर्मनीत डार्मश्टाट इथे १९९१ साली बांधलेल्या पहिल्या 'पॅसिव्ह हाउस'ने जगाला दाखवून दिले की घर नीट गुंडाळले तर ते गरम ठेवायला जवळपास इंधन लागत नाही. पण तिथला शत्रू थंडी आहे. घर थर्मास करायचे आणि फटी बुजवायच्या, हे त्यांना शोभते. आपल्याकडे वर्षातले सात-आठ महिने संध्याकाळनंतर खिडकी उघडणे हाच सर्वांत स्वस्त एसी आहे. शिवाय माणसाला किती तापमान सुखाचे वाटते, हेही जागेनुसार बदलते. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी पुढाकार घेऊन देशभरातल्या इमारतींत याची पाहणी केली. खिडक्या उघड्या ठेवून राहणारी आपली माणसे पाश्चात्त्य कोष्टकांपेक्षा बऱ्याच वरच्या तापमानात, पंख्याखाली, समाधानी असतात असे त्यात दिसले आणि २०१६च्या राष्ट्रीय इमारत संहितेने ते मान्यही केले. तरी कार्यालयांत एसी अठरावर आणि कर्मचारी स्वेटर घालून, हे दृश्य आपण बघतोच. नव्या एसीचे तापमान कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून द्यायचे, असा नियम २०२०च्या जानेवारीपासून करावा लागला.

एसीचा प्रश्न मात्र टाळता येणार नाही. भारताच्या 'कूलिंग ॲक्शन प्लॅन'ने २०१९ साली जो अंदाज दिला, त्यानुसार गारव्यासाठीची देशाची मागणी २०१७-१८च्या मानाने वीस वर्षांत आठपट होईल. तेव्हा जेमतेम आठ टक्के घरांत एसी होता. बाकीच्यांनी घेऊ नये, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. चंद्रपुरात मे महिन्याची दुपार ४५ अंशांवर जाते. तिथल्या माणसाला मी पुण्यात बसून झडपांचे महत्त्व सांगावे, हे त्याला रुचणार नाही आणि रुचूही नये. पण चंद्रपुरातच २,९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्रही आहे. मुंबई-पुण्याचे एसी चालायला लागणाऱ्या विजेचा मोठा वाटा असा विदर्भातल्या कोळशावर होतो, आणि त्याची राख व धग तिथेच राहते. आपल्या घरातले एक युनिट वाचते तेव्हा ते कुणाच्या अंगणातून वाचते, याचा विचार या पुस्तकात पुन्हा पुन्हा येईल.

आता जी गोष्ट लिहिताना मला सर्वांत जास्त अडचण झाली तिच्याबद्दल. निव्वळ विजेच्या हिशेबाने पाहिले तर या देशातली शून्याच्या सर्वांत जवळची शहरी घरे कुठली? पत्र्याची. गोवंडीतली, येरवड्यातली. एक पंखा, दोन एलईडी दिवे, एक टीव्ही, मोबाइल. महिन्याला पन्नास-साठ युनिट. कुणी मानांकन द्यायला गेले तर पहिला तारा त्यांनाच द्यावा लागेल. आणि मे महिन्यात त्या पत्र्याखाली दुपारी बसून दाखवावे! अहमदाबादेत २०१०च्या मे महिन्यातल्या उष्णतेच्या लाटेत एरवीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाले, त्यानंतर २०१३ साली त्या शहराने देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग देण्याचे काम हाती घेतले. चुना किंवा पांढरा रंग हा काही शोध नव्हे. आपल्याकडे गच्चीवर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचा 'चायना मोझॅक' घालतात तोही हेच काम करतो. पण त्या घरांपुरते बोलायचे तर शून्य ही मुळी कसोटीच नाही. आधी माणसाला रात्री झोप लागते का, हे मोजावे. अभावामुळे आलेल्या शून्याला या पुस्तकात मी शून्य म्हटलेले नाही.

आणि ही माणसे तिथून निघून कुठे जातात? पुनर्वसनाच्या इमारतींत. दोन इमारतींत हात लांबवला की शेजाऱ्याची खिडकी, खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा. पत्र्याच्या घरात ऊन जास्त होते, इथे ते पोचतच नाही. वीज वापर वाढतो तो असा. परवडणारे घर आणि बरे घर एकत्र असू शकते, याचा दाखला राजकोटला आहे. पंतप्रधान आवास योजनेतल्या 'स्मार्ट घर-३' या वसाहतीत भारत-स्विस ऊर्जा कार्यक्रमाच्या मदतीने एएसी ब्लॉकच्या भिंती, पूर्ण उघडणाऱ्या खिडक्या आणि हवा वर खेचून घेणारे झोत-मार्ग केले गेले. ही हजाराहून अधिक घरे सरकारी दरात झाली. मला हे उदाहरण दिल्लीच्या मंत्रालयापेक्षा मोलाचे वाटते.

कायद्याचे म्हणाल तर डिसेंबर २०२२मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन निवासी इमारतीही त्याच्या कक्षेत आल्या. शंभर किलोवॅट जोडभाराच्या इमारतींपासून संहिता लागू करता येते, आणि राज्याला वाटले तर ही मर्यादा खाली आणता येते. कागद तयार आहे. अडते ते बांधकाम परवानगीच्या टेबलावर. तिथे एफएसआय मोजणारा माणूस आहे, जिन्याची रुंदी आणि अग्निशमनाचा दाखला तपासणारा आहे. भिंतीतून येणारी उष्णता तपासणारा नाही. आणि खरे दुखणे याहून जुने आहे. भिंत बिल्डर बांधतो, विजेचे बिल घेणारा भरतो. बिल्डरने एका फ्लॅटच्या भिंतींवर वाचवलेले लाखभर रुपये घेणारा चाळीस वर्षे महावितरणकडे हप्त्याने फेडत असतो, आणि त्याला ते कधी कळतही नाही.

अनुदानाचे गाडे मात्र जोरात आहे. फेब्रुवारी २०२४च्या पीएम सूर्यघर योजनेत एक कोटी घरांचे उद्दिष्ट आहे आणि तीन किलोवॅटसाठी ७८ हजार रुपये मिळतात. पुणे महापालिका सौर यंत्रणा बसवणाऱ्याला मिळकतकरात सवलत देते. उत्तमच. पण बीएलडीसी पंख्याला, छज्ज्याला किंवा पांढऱ्या गच्चीला असे अनुदान कुणी देत नाही, कारण छज्ज्याचे उद्घाटन करता येत नाही. गुजरातेत मोढेरा, आपल्याकडे सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी, अशी सौरग्रामे झाली. त्यांचे कौतुक आहेच. पण गावात घर बैठे असते, छप्पर स्वतःचे असते, शेजारी मोकळी जमीन असते. शहराला ही श्रीमंती नाही. म्हणून मला वाटते, शहरात शून्याचा हिशेब एकेका इमारतीपुरता न मांडता प्रभागापुरता मांडावा. शाळेचे छप्पर, मंडईचे छप्पर, बसडेपो, रेल्वे यार्ड हे सगळे त्यात धरावे. संध्याकाळी सातला जेव्हा सगळी घरे एकदम वीज मागतात आणि पॅनेल झोपलेले असतात, तेव्हा काय करायचे याचे उत्तरही एकट्या सोसायटीकडे नसते.

दोन गोष्टी या पुस्तकात नाहीत, तेवढे सांगून ठेवतो. सिमेंट, सळई आणि काच तयार करताना जी ऊर्जा जाते तिचा हिशेब मी धावता दिला आहे. तो विषय स्वतंत्र पुस्तकाचा आहे. आणि स्वयंपाकाचा गॅस बहुतेक व्याख्यांप्रमाणे मीही बाजूला ठेवला आहे, जरी सिलिंडर जड लागणाऱ्या घरात तोच खर्च आधी बोचतो.

पुस्तक आर्किटेक्टसाठी लिहिलेले नाही. घर घेणाऱ्यासाठी, सोसायटीच्या सेक्रेटरीसाठी आणि नगरसेवकासाठी लिहिले आहे. गणिते आठवीच्या पलीकडची नाहीत. घाई असेल तर भिंत, खिडकी आणि गच्ची ही तीन प्रकरणे आधी वाचावीत. ज्यांचे घर बांधून झाले आहे त्यांनी गच्चीपासून सुरुवात करावी, कारण रंगाचा डबा आणि ब्रश यांना कुणाची एनओसी लागत नाही. ज्या वहिनींच्या घरी मी छताला हात लावला, त्यांच्या सोसायटीने पुढच्या उन्हाळ्याआधी पॅनेलांच्या मधल्या उघड्या कोब्यावर पांढरा लेप दिला. पॅनेलांची सावलीही कामाला आली. एसी आता अकराला बंद करतो, असे त्यांनी फोनवर कळवले.

आणि ज्यांना घर घ्यायचेच आहे, त्यांना एक विनंती. साइट बघायला डिसेंबरात जाऊ नका. एप्रिल-मेमध्ये जा, संध्याकाळी सहा-साडेसहाला जा, सॅम्पल फ्लॅटमधला एसी बंद करायला सांगा आणि अर्धा तास तिथेच बसा. मग पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावून बघा.